बेचिराख, खराबा आणि नुकसान : वऱ्हाडच्या दप्तरातील विनाशाचे शब्द

मराठीत विनाश सांगणाऱ्या शब्दांचा तुटवडा कधीच नव्हता. संस्कृतातून आलेले नाश, विध्वंस, संहार हे शब्द, लोकांच्या तोंडी घडलेले वाटोळे, नासाडी, धूळधाण, राखरांगोळी हे शब्द, आणि दरबाराच्या व कचेरीच्या वाटेने फारसी-अरबीतून शिरलेले बरबाद, वैराण, बेचिराख, नेस्तनाबूद, खराब, नुकसान हे शब्द एकाच परिच्छेदात शेजारी बसले तरी वाचकाला ते उपरे वाटत नाहीत. यांतील पहिल्या दोन गटांचे शब्द बहुधा घडलेल्या गोष्टीचे चित्र उभे करतात. तिसऱ्या गटातील काही शब्दांचे काम मात्र मुळात निराळे होते. एखाद्या गावातून, शेतातून किंवा हंगामातून यंदा सरकारात काय जमा होणार नाही, हे लिहून ठेवण्यासाठी ते कारकुनांच्या हाती आले आणि तेथून लोकभाषेत उतरले. वऱ्हाडातील वाशिम जिल्ह्याच्या मंगरुळपीर तालुक्यातील आसेगाव परिसरात सोयाबीन किंवा तूर हातची गेली, तर शेतकरी घरी कोणत्याही शब्दांत हळहळला तरी सरकारी मदतीच्या अर्जावर त्याला याच गटातील एक शब्द लिहावा लागतो, आणि त्या शब्दाचा अर्थ त्याच्या हळहळीपेक्षा पुष्कळ अरुंद असतो.

शब्दांची मूळ प्रतिमा आणि त्यांचा आजचा वापर यांत अंतर पडणे ही सर्वच भाषांत आढळणारी गोष्ट आहे. इंग्रजीतील ‘हॅव्हॉक’ हा शब्द आज वादळाच्या आणि पुराच्या बातम्यांत सर्रास येतो, परंतु जुन्या फ्रेंचमधून आलेली ती मुळात सैन्यातील आरोळी होती. ती उठली की लुटीला मुभा मिळाली असे शिपाई समजत, आणि इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याने १३८५ मधील स्कॉटलंडच्या मोहिमेसाठी जे लष्करी नियम काढले त्यांत ही आरोळी आगाऊपणे ठोकणाऱ्याला देहदंड सांगितला होता. मराठीतील ‘बरबाद’ हा शब्द फारसीत ‘वाऱ्यावर गेलेले’ असा अर्थ सांगतो, आणि संस्कृत घटकांनी बनलेला ‘वाताहत’ हा शब्दही वाऱ्यानेच झोडपलेल्याचे चित्र देतो, म्हणजे दोन भिन्न परंपरांनी एकच प्रतिमा मराठीच्या स्वाधीन केली. ‘नेस्तनाबूद’ याचा शब्दशः अर्थ ‘नाही आणि नव्हते’ असा होतो. ‘होत्याचे नव्हते झाले’ हा अस्सल मराठी वाक्प्रचार त्याच्या अगदी जवळ जातो. ‘जमीनदोस्त’मधला दोस्त हा मित्र नसून फारसी ‘दोज’चे मराठी उच्चारात झालेले रूप आहे. या शब्दांचे अर्थ फारसे हलले नाहीत. ज्यांचा प्रवास खऱ्या अर्थाने लांबचा झाला ते शब्द तीन, बेचिराख, खराबा आणि नुकसान, आणि वऱ्हाडचा इतिहास जाणून घेतल्याशिवाय त्यांतील पहिला नीट उलगडत नाही.

‘बेचिराख’ म्हणजे फारसी ‘बे-चिराग’, दिव्याविना. महसुली भाषेत ज्या गावात संध्याकाळी दिवा लावायला कोणी माणूस उरले नाही ते गाव बेचिराग, आणि ही पूर्णपणे तांत्रिक संज्ञा होती. गाव जळाले, लुटले गेले, पटकीने मेले, दुष्काळाने उठून गेले की सावकार आणि पाटील यांच्या जाचाला कंटाळून रात्रीतून पसार झाले, याबद्दल ती काहीही सांगत नाही. घरे शाबूत असतील आणि माणसे नसतील तरी गाव बेचिरागच. मराठवाड्यातील जुन्या निजामी महसुलात हा शब्द टिकून राहिला, तर विदर्भात अशा गावाला रीठ किंवा रिठी म्हणण्याचा परिपाठ पडला आणि सामान्य मराठीत ओसाड, उजाड हे शब्द चालू राहिले.

महसुलाच्या दृष्टीने अशा गावात एक विलक्षण गोष्ट घडते, ती म्हणजे गाव नाहीसे होत नाही. मराठी मुलखात गावाचे दोन भाग मानले जातात. वस्तीची जागा ती पांढरी आणि शेतजमीन ती काळी. शतकानुशतकांच्या राखेने, शेणामातीने आणि पडलेल्या भिंतींनी वस्तीची माती पांढुरकी होते, म्हणून ते नाव पडले, आणि याच कारणाने पांढरीची टेकाडे ही पुराणवस्तू संशोधकांची ओळखीची खूण आहे. अमरावती जिल्ह्यातील कौंडिण्यपूर किंवा बुलडाणा जिल्ह्यातील भोन येथील उत्खननांनी अशा टेकाडांखाली काय दडलेले असते हे दाखवून दिले आहे. बेचिराख गावाची पांढरी मरते, काळी जिवंत राहते. शेजारच्या गावात राहून तेथे येऊन शेती कसणाऱ्याला जुन्या दप्तरात पाहीकास्त म्हणत, आणि गावाची शीव, नाव, गट क्रमांक, सातबाराचे उतारे आणि नकाशावरील गावठाणाची जागा हे सर्व जसेच्या तसे चालू राहते. जनगणनेतही अशा गावाला स्वतःचा संकेतांक असतो आणि लोकसंख्येच्या रकान्यात शून्य असते. त्यामुळे महसूल खात्याची गावसंख्या आणि माणसे राहतात अशा गावांची संख्या या दोन आकड्यांत वऱ्हाडातील जिल्ह्यांत नेहमी तफावत पडते, आणि ती पाहून नवख्या वाचकाला आकडेवारीत चूक असल्याचा संशय येतो.

वऱ्हाडात अशी गावे का साचली याची कारणे भरपूर आहेत. ‘ऐन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये, म्हणजे महसुली विभागांमध्ये, वाशिमचे नाव येते, म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस हा मुलूख व्यवस्थित आकारणीखाली होता, परंतु पुढे १६३० ते १६३२ या काळात दख्खन आणि गुजरात यांवर जो भीषण दुष्काळ कोसळला, त्या वेळी बादशाह शाहजहान वऱ्हाडच्या उंबरठ्यावर बुऱ्हाणपुरातच तळ देऊन होता आणि त्याच्या दरबारी इतिहासकाराने, अब्दुल हमीद लाहोरीने, लोकांच्या दैन्याचे वर्णन लिहून ठेवले. १७२४ मध्ये साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर निजाम दख्खनचा स्वतंत्र धनी झाला, तरी नागपूरकर भोसल्यांचा वऱ्हाडातील वसुलीवरचा हक्क राहिलाच. एकाच रयतेकडून दोन सत्तांनी वसूल घेण्याच्या या पद्धतीला दोअमली म्हणत, आणि भोसल्यांचा घासदाणा हा कर त्यात भर घालीत असे. १८०३ च्या नोव्हेंबरमध्ये अडगावची लढाई आणि डिसेंबरमध्ये गाविलगडाचा पाडाव झाला, त्याच सुमारास दुष्काळ पडला आणि त्यानंतरच्या दीड दशकात पेंढाऱ्यांच्या टोळ्या फिरत राहिल्या. दोन धनी, एक दुष्काळ आणि फौजांची ये-जा एवढे जुळून आले की गाव उठायला आणखी कारण लागत नाही.

मात्र बेचिराख होणे ही अवस्था कायमची मानली जात नसे, आणि हा या शब्दाच्या जुन्या अर्थातील सर्वांत महत्त्वाचा धागा आहे. त्याच्या विरुद्ध ‘आबाद’ हा शब्द उभा होता आणि एका रकान्यातून गाव दुसऱ्या रकान्यात नेण्याची पद्धत ठरलेली होती. सत्ताधारी एखाद्या पाटलाला किंवा होतकरू कुणब्याला कौल देई, म्हणजे लेखी आश्वासन देई. त्यात इस्तावा असे, म्हणजे पहिल्या वर्षी नाममात्र आणि पुढे दरसाल चढत जाणारा सारा ठरवून दिलेला असे, आणि काही वर्षांनी तो पूर्ण दरावर येई. सतराव्या-अठराव्या शतकांतील मराठी कागदपत्रांत ओस पडलेला मुलूख लावणीस आणण्याची ही भाषा वारंवार भेटते. ज्या राज्यव्यवस्थेला लुटीत रस होता तिलाच वसाहतीतही होता, यात विसंगती काही नाही, कारण दिवा नसलेल्या गावातून वसूल येत नाही.

हा अर्थ आज जवळजवळ पुसला गेला आहे, त्याला कारण मराठी कान. ‘चिराग’मधला ग उच्चारात ख झाला आणि शब्दाच्या शेवटी ‘राख’ ऐकू येऊ लागली. एकदा ती ऐकू आल्यावर बेचिराख म्हणजे जळून राख झालेले, असा नवा अर्थ सहज चिकटला. बॉम्बहल्ल्यात शहर बेचिराख झाले, आगीत बाजारपेठ बेचिराख झाली, अशी वाक्ये मराठी वृत्तपत्रांत नेहमीची आहेत आणि ती लिहिणाऱ्याच्या मनात दिवा मुळीच नसतो. याला अशुद्ध ठरवून झटकण्यात अर्थ नाही, कारण शब्दाचा अर्थ अखेर वापरणारेच ठरवतात. तरीही जे गमावले ते लक्षात घेण्याजोगे आहे. ज्या शब्दात पुन्हा वस्ती होण्याची शक्यता गृहीत होती त्यात आता फक्त भस्म उरले. राखेला कौल देता येत नाही.

‘खराब’ या शब्दाची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. अरबीत ‘खराब’ म्हणजे उद्ध्वस्त, पडके, ओसाड. मराठीत तो इतका सौम्य झाला की हवा, पोट, रस्ता आणि चालचलणूक या सर्वांना तो सारखाच लागतो. पंजाब, हरियाणा, राजस्थान या बाजूला बुडालेल्या पिकाच्या नोंदीला आजही ‘खराबा’ म्हणतात. महाराष्ट्रात मात्र तो पिकावरून निघून जमिनीत जाऊन बसला. सातबाराच्या उताऱ्यावर ‘पोटखराबा’ असा रकाना असतो आणि आसेगावपासून अलिबागपर्यंत प्रत्येक खातेदाराला तो ठाऊक असतो. गटाच्या पोटात जो भाग लागवडीस योग्य नाही तो पोटखराबा, त्याचे दोन वर्ग. खडक, खाचखळगे, बांध अशा कारणांनी नापीक राहिलेला तो वर्ग अ, आणि रस्ता, नाला, पाणवठा अशा सार्वजनिक कामासाठी राखलेला तो वर्ग ब. वऱ्हाडात १८६० च्या दशकापासून मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी सुरू झाली आणि प्रत्येक क्षेत्राचे तुकडे मोजून, कसदार-निकस पाहून आकारणी ठरवली गेली, त्या वेळी अशा भागावर सारा न बसवण्याची सोय या नोंदीने झाली. शेतकऱ्याने पुढे कष्टाने तो भाग लागवडीखाली आणला तरी कागदावर तो खराबाच राहत असे आणि त्यावर पीककर्ज किंवा विमा मिळण्यात अडचण येत असे; २०१८ मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन वर्ग अ मधील अशी जमीन लागवडीयोग्य म्हणून नोंदवण्याची वाट मोकळी झाली. एके काळी जी नोंद शेतकऱ्याचा सारा वाचवीत होती तीच पुढे त्याच्या आड येऊ लागली, हा या शब्दाचा खरा इतिहास म्हणावा लागेल.

राहिला ‘नुकसान’, आणि आजच्या घडीला सर्वांत वजनदार शब्द हाच आहे. अरबी ‘नुक्सान’चा मूळ अर्थ घट, उणेपणा, कमी पडणे, त्यात मोडतोड नाही, आग नाही, शत्रू नाही. उणे म्हटले की कशापेक्षा आणि किती, हे दोन प्रश्न आपोआप येतात, म्हणूनच ‘भरपाई’ हा शब्द याच्याशी जुळतो आणि विध्वंसाशी जुळत नाही. सरकारी मदतीची सगळी यंत्रणा या मोजता येण्याजोग्या उणेपणावर उभी आहे. अतिवृष्टीने किंवा गारपिटीने पीक गेले की तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक संयुक्त पंचनामा करतात. पंचनामा म्हणजे पंचांच्या नावानिशी आणि सहीनिशी जागेवर केलेली नोंद. शेतात सोयाबीनच्या शेंगांना कोंब फुटले आहेत, कापून लावलेली सुडी भिजून काळी पडली आहे, रान चिबडले आहे, तूर पाण्यात उभी राहून वाळली आहे, असे शेतकरी सांगतो आणि कागदावर त्या सर्वांचे रूपांतर एका टक्केवारीत होते.

ही टक्केवारी ३३ च्या खाली असेल तर मदत नाही. २०१५ च्या एप्रिलपर्यंत ही मर्यादा ५० टक्के होती, त्या वर्षी अवकाळी पाऊस आणि गारपिटीनंतर केंद्र सरकारने ती उतरवली. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ पासूनच्या निकषांप्रमाणे कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकाला २२,५०० रुपये, आणि तेही दोन हेक्टरांच्या मर्यादेत. राज्य सरकारने प्रसंगी दर किंवा क्षेत्राची मर्यादा वाढवली आहे. पेरणी, खत, फवारणी आणि मजुरीचा खर्च पाहता ही रक्कम भरपाई नसून निविष्ठांसाठीचे साहाय्य आहे, आणि मूळ निकषांतही तिला तसेच म्हटले आहे. ‘नुकसानभरपाई’ हे नाव तिला बोलण्यातून आणि बातम्यांतून मिळाले, त्यामुळे अपेक्षा आणि रक्कम यांची तोंडमिळवणी कधीच होत नाही.

पीकविम्यात तोच शब्द वेगळ्या मापाने मोजला जातो. प्रधानमंत्री पीकविमा योजना २०१६ च्या खरिपापासून लागू झाली. तिच्यात उंबरठा उत्पादन ही संकल्पना मध्यवर्ती आहे, म्हणजे मागील सात वर्षांपैकी उत्तम पाच वर्षांच्या सरासरीला जोखीमस्तराने गुणून येणारा आकडा, आणि पीक कापणी प्रयोगांतून निघालेले चालू हंगामाचे उत्पादन त्याच्या खाली गेले तरच विम्याच्या दृष्टीने नुकसान झाले असे मानतात. हा हिशेब एका शेतकऱ्याचा नसून प्रमुख पिकांसाठी संपूर्ण महसूल मंडळाचा असतो. आसेगाव हे असेच एक मंडळ आहे. मंडळाची सरासरी उंबरठ्याच्या वर राहिली आणि नाल्याकाठच्या एखाद्याचे सगळे शेत बसले, तर त्या माणसाचे पीक नाहीसे झाले असूनही या व्याख्येत उणे काहीच आलेले नसते. ही फट बुजवण्यासाठी स्थानिक आपत्ती आणि काढणीपश्चात नुकसान या दोन तरतुदी होत्या, ज्यांखाली ७२ तासांत कळवल्यास वैयक्तिक पाहणी होत असे आणि कापून शेतात पसरलेल्या पिकाला १४ दिवसांपर्यंत संरक्षण मिळत असे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये सुरू केलेली एक रुपयातील विमा योजना २०२५ च्या खरिपापूर्वी बंद करताना या तरतुदीही वगळल्या आणि भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगांवर सोपवली. सोयाबीनसारखे पीक नेमके काढणीच्या आठवड्यात पावसात सापडते हे पाहता वऱ्हाडाला हा बदल जाचक ठरणारा होता, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

या दोन मापांखेरीज तिसरे माप पैसेवारीचे. रुपयाचे सोळा आणे होते तेव्हा तिला आणेवारी म्हणत. १९५७ मध्ये दशमान नाणी आल्यावर नाव बदलले, पद्धत तीच राहिली. गावातील यंदाचे पीक चांगल्या वर्षाच्या पिकाशी ताडून रुपयात किती पैसे उतरले ते ठरवतात, विदर्भात सप्टेंबरअखेर नजरअंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित आणि डिसेंबरअखेर अंतिम पैसेवारी जाहीर होते, आणि ती ५० पैशांच्या खाली गेली की जमीन महसुलातील सूट, कर्जाचे पुनर्गठन, परीक्षा शुल्काची माफी अशा सवलतींचा मार्ग उघडतो. सप्टेंबरचे ‘नजरअंदाज’ आणि डिसेंबरचे ‘अंतिम’ यांत पुष्कळदा मोठा फरक पडतो, कारण मध्ये परतीचा पाऊस असतो.

विनाशाचा एक शब्द तर महाराष्ट्राने कायदा करून काढून टाकला. १९६३ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने एक अधिनियम संमत केला, ज्यान्वये राज्यात लागू असलेल्या सर्व कायद्यांतून ‘फॅमिन’, म्हणजे दुष्काळ, ही संज्ञा वगळून तिच्या जागी ‘स्कॅर्सिटी’, म्हणजे टंचाई, ही संज्ञा घालण्यात आली. शेतीच्या परिस्थितीवर सरकारचे सतत लक्ष असल्यामुळे दुष्काळ उद्भवण्यास वावच उरलेला नाही, असा त्यामागचा युक्तिवाद होता. नऊ वर्षांनी १९७२ चा दुष्काळ आला. लोकांनी त्याला ‘बहात्तरचा दुष्काळ’च म्हटले, कोणी ‘बहात्तरची टंचाई’ म्हटल्याचे ऐकिवात नाही, आणि रोजगार हमीसारखी दूरगामी योजनाही त्याच काळात आकाराला आली. कायद्यातून शब्द उडवल्याने गोष्ट उडत नाही हे खरे, पण शब्द नसला की त्यावर हक्क सांगण्याची भाषा अवघड होते, हेही तितकेच खरे. ‘टंचाईसदृश’ आणि ‘दुष्काळसदृश’ ही विशेषणे पुढे दशकानुदशके कागदावर फिरत राहिली, ती याच अवघडलेपणामुळे.

त्याचाच नवा अवतार ‘ओला दुष्काळ’ या मागणीत दिसतो. कोरड्या वर्षी पाऊस नसल्याने आणि ओल्या वर्षी तो नको तेव्हा पडल्याने पीक जाते, शेतकऱ्याच्या घरी परिणाम एकच होतो, म्हणून लोकांनी हा शब्द घडवला. शासनाच्या व्यवस्थेत मात्र पाऊस मोजण्याची भाषा वेगळी आहे. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला तर ती अतिवृष्टी. महावेध प्रकल्पाखाली मंडळनिहाय बसवलेल्या स्वयंचलित हवामान केंद्रांवर तो नोंदवला जातो. आठ दिवस रोज थोडाथोडा पडून मुळे कुजवणारा पाऊस या व्याख्येत कधीच बसत नसे, म्हणून २०२३ च्या एप्रिलमध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘सततचा पाऊस’ ही स्वतंत्र नैसर्गिक आपत्ती म्हणून मान्य केली. २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मराठवाड्यासह राज्याच्या मोठ्या भागात पुराने खरीप गेला, तेव्हा ओला दुष्काळ जाहीर करण्याची मागणी जोरात झाली. नियमावलीत अशी संज्ञाच नाही, मात्र दुष्काळाच्या वेळी मिळणाऱ्या सवलती लागू केल्या जातील, अशी भूमिका मुख्यमंत्र्यांनी घेतली आणि ऑक्टोबरमध्ये ३१,६२८ कोटी रुपयांची मदत घोषित झाली.

त्या घोषणेत एक शब्द असा होता जो फारसी, अरबी किंवा संस्कृत यांपैकी कोठूनही कचेरीत आलेला नाही. पुराच्या लोंढ्याने वरचा सुपीक थर वाहून जाऊन मुरूम उघडा पडला की शेतकरी म्हणतात जमीन खरडून गेली, आणि भांड्याच्या तळाशी लागलेले खरडून काढावे तसेच ते दृश्य असते. केंद्राच्या निकषांत दरड कोसळून किंवा नदीने पात्र बदलून नष्ट झालेल्या जमिनीला हेक्टरी ४७,००० रुपये आणि तीन इंचांहून जाड गाळ साचल्यास तो काढण्यासाठी १८,००० रुपये धरलेले आहेत. ‘खरडून गेलेली जमीन’ हा शब्दप्रयोग मराठी शासकीय कागदांत याच तरतुदींच्या जोडीने स्थिरावला, आणि २०२५ च्या मदतीत ४७,००० रुपयांच्या रोख रकमेबरोबर रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाख रुपयांपर्यंतच्या माती भरण्याच्या कामांची तरतूद त्याला जोडली गेली. पीक एका हंगामाचे असते, पण काळ्या मातीचा थर बनायला लागणारा काळ माणसाच्या हिशेबात मावत नाही, त्यामुळे या एका नोंदीत टक्केवारी विचारली जात नाही. किती हेक्टर, एवढेच लिहिले जाते.